माडाला पाणी, पोफळीला पाणी

भाऊकाका गेल्याचा निरोप आला तेव्हा मी दाढीला साबण लावून बसलो होतो. अर्ध्या दाढीनिशीच श्रीवर्धनला पोचलो. रडणारी माणसं माझ्याकडे बघून मध्येच थांबत होती... काकाला हे आवडलं असतं. माझ्या वडिलांचा हा धाकटा भाऊ धंद्यानं शिंपी, पण जीव सगळा डफात. तो गायला लागला की मी मागून ओळ ओढत झील धरायचो. माझा सूर लागला की शेजारची म्हैस पान्हा चोरते, असं आई म्हणायची.

स्वराज्य आलं त्या सुमारास त्यानं ते गाणं बांधलं. गावचे बागायतदार आप्पा, त्यांच्या नारळ-पोफळीच्या वाडीत गावकुसाबाहेरच्या बाया सुपारी सोलायला बसत. विहिरीचं पाणी पाटातून प्रत्येक पोफळीच्या बुंध्याशी जायचं, पण या बायांनी विहिरीला हात लावायचा नाही. कुणी वरून ओतलं तर ओंजळीनं प्यायचं, नाहीतर तहान घेऊन बसायचं. 'माडाला पाणी, पोफळीला पाणी, तहानल्या गळ्याला पुसेना कोणी...' बायांनी गाणं लगेच उचललं आणि त्याच्या ठेक्यावर सोलू लागल्या. थोड्याच दिवसांत आप्पा स्वतः दुकानात आले. "भाऊ, झकास गाणं केलंस हो. बायांचे हात कसे भराभर चालतात. आणखी एखादं कर." काका त्या दिवशी जेवला नाही.

मग एका दुपारी सखू नावाची बाई गाता गाता उठली, तिनं स्वतः पोहरा विहिरीत सोडला आणि पोटभर प्यायली. संध्याकाळी तिचं काम गेलं. पुढे कुठल्याच वाडीनं तिला उभं केलं नाही. तान्ह्या मुलीला घेऊन ती मिठागरावर गेली. तिकडून आली ती मरणाची बातमीच. आधी मुलीची, मग तिची. काकानं डफ भिंतीकडे तोंड करून टांगला. आप्पांची वाडी लागू नये म्हणून बाजाराला लांबच्या वाटेनं जाऊ लागला, तो शेवटपर्यंत.

आमच्या शेवटच्या भेटीत म्हणाला, "गाण्यानं काय झालं रे? एक बाई मेली, तिची पोर मेली. विहीर आहे तिथंच आहे."

"म्हैस आटली," मी म्हटलं. एरवी हसायचा. तेव्हा हसला नाही.

त्याचे दिवस झाल्यावर नारळ आणायला म्हणून मी आप्पांच्या वाडीत गेलो. बाया सोलत होत्या, गात होत्या. 'तहानल्या गळ्याला' आलं आणि सगळ्यांचे हात थांबले. प्रत्येकीनं शेजारचा तांब्या उचलून एक घोट घेतला. आप्पा ओसरीवर चुळबुळत बसून राहिले.

"थांबलात का गो?" मी विचारलं.

"सखूचं पानी हाय ह्ये," एक म्हातारी म्हणाली. "ती गेली तवापास्नं. आप्पा वरडले आधी. पन गानं बंद केलं का हात बी बंद व्हतात, मंग गप बसले."

"काकाला ठाऊक होतं?"

"त्ये हिकडं आलेच न्हाय. गानं त्यांचंच, आमाला वाटलं त्यांना ठावं असंलच."

डफ आता माझ्या घरी आहे. सरळ करून टांगलाय. वाजवत नाही, पाणी पिताना त्याच्याकडे नजर जाते. गाण्यानं झालं ते एवढंच, काका... एक घोट. तोही बायांनी घरून आणलेला.