भाऊजींचं खोकं

भाचीनं सांगितलं, "मामा, बाबांविषयी तुम्ही लिहा, तुम्ही होतात तिथं." मला लिहिण्याची सवय नाही. जमेल तसं लिहितो.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. एका मोठ्या इस्पितळाच्या कॉम्प्युटर विभागात त्यांची सगळी नोकरी झाली. रोग्यांची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून तिथं एक नियम कडक होता. मशीनमधून काढलेली डिस्क टेबलावरून हलण्याआधी पूर्ण पुसायची. एकानं ती तशीच पिशवीत टाकली तर भाऊजी त्याच्यामागे फाटकापर्यंत धावले होते. ऑफिसात त्यांना 'कुलूप' म्हणत. ताई म्हणायची, "कुलूप परवडलं, त्याला निदान किल्ली तरी असते."

निवृत्त झाल्यावर त्यांनी घरी एक खोकं जोडलं, चपलांच्या कपाटावरच्या फळीवर. त्यात चार डिस्क होत्या, आणि त्यांवर घरातले फोटो, गाणी, सिनेमे. टीव्ही लावला की हवं ते समोर यायचं. चारही डिस्क एकाच दुकानातून एकाच दिवशी आणलेल्या. भाऊजींनी त्यांना नावं दिली होती: थोरली, मधली, धाकटी आणि शेंडेफळ.

"एकीनं डोळे मिटले तरी उरलेल्या तिघी तिचा संसार सांभाळतात," ते मला समजावून सांगत.

"आणि दोघींनी मिटले तर?"

"शालकमहाराज, तुम्ही वर्षातून एकदा तोंड उघडता. तेव्हा तरी शुभ बोला."

पुढे ताईच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. आवाज जाणार, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तेव्हापासून भाऊजी कॅमेरा घेऊन तिच्या मागे मागे. ती इस्त्री करतेय, ती फोनवर बोलतेय, ती काहीच करत नाहीये, सगळं त्या खोक्यात गेलं. ऑपरेशननंतर ती पाटीवर लिहून बोलायची. काही वर्षांनी ती गेलीच.

मी रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊ लागलो. चहा झाला की भाऊजी ताईला लावायचे. मटारच्या शेंगा सोलत ती म्हणायची, "अहो, तो कॅमेरा ठेवा आणि चार शेंगा सोला. पुढच्या जन्मी तरी—" आणि इथं चित्र अडकायचं. ताई तोंड उघडं ठेवून थांबायची. टीव्हीवर एक गोल फिरत राहायचा. मग "नवरा दे देवा, खांब नको" हे घाईघाईनं यायचं.

खोकं म्हातारं झालं होतं. भाची फोनवर म्हणायची, "बाबा, नवीन विकत घ्या ना." पण भाऊजींना ते स्वतःच करायचं होतं.

"बोलता बोलता ती अशी थांबते ना," ते मला म्हणाले, "ते मला बघवत नाही रे."

त्यांनी आधी आतला बोर्ड आणि मेमरी बदलली. उजेडासाठी बॅटरी मी धरली. "चेहऱ्यावर नको, स्क्रूवर धर. माझं लग्न नाहीये आज." त्या संध्याकाळी ताई कुठंही न अडता बोलली. शेंगा, इस्त्री, फोन, सगळं. भाऊजी चष्मा पुसत बसले.

तिथंच थांबले असते तर. पण डिस्कही जुन्या झाल्या होत्या, आणि अर्धवट काम ठेवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. एक काढायची, तिच्या जागी नवी घालायची, बाकीच्या तिघींकडून ती भरू द्यायची, मग पुढची. सकाळी त्यांनी थोरली काढली. नवी भरायला लागली. थोरली टेबलावर होती. त्यांनी ती दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली आणि पुसायला लावली. मी विचारलंही नाही, त्यांनीही विचार केला नाही. आयुष्यभर टेबलावर आलेली डिस्क त्यांनी पुसलीच होती.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा ते खोक्यासमोर जमिनीवर बसले होते. आतून टक टक आवाज येत होता.

"मधली गेली," ते म्हणाले. "नवी अर्धीच भरली होती. उरलेल्या दोघींना सगळं सांभाळता येत नाही."

"पण थोरली आहे ना बाहेर? ती परत घाला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ती स्वच्छ आहे," ते म्हणाले.

मधली एका तज्ज्ञाकडे नेली. त्यानं ती उघडून पाहिली आणि परत दिली. आत ओरखडे पडले होते. चौघी एकाच वयाच्या, एकदम सगळा भार आला की दुसरीही जाते, असं बऱ्याचदा होतं, म्हणाला. भाऊजी मान डोलावत होते. त्यांना हे माहीत होतंच.

मी म्हटलं, "भाचीला सांगू, डिस्क खराब झाली. खोटंही नाही ते."

"नको." त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. "बाळा, आईचं सगळं गेलं. मशीननं नाही, मी पुसलं." मग भाऊजी म्हणाले, "रडून घे. मी धरलाय फोन."

नव्या डिस्क त्यांनी तरीही सगळ्या बसवल्या. आता खोकं झटकन उघडतं. आत काही नाही.

परवा चहा घेताना ते म्हणाले, "ऑपरेशनला निघताना ती दारात उभी होती, ते आठवतं? शेवटचं रेकॉर्डिंग. मला म्हणाली, दूध तापवून ठेवा."

"दार नीट लावा, म्हणाली."

"दूध."

"दार, भाऊजी. हात कडीवर होता तिचा."

"मी रोज बघत होतो."

"मीही."

त्यांनी कपातला उरलेला चहा संपवला. "दार असेल," ते म्हणाले. "दूध मीच मनानं घातलं असेन."

ते कप विसळायला आत गेले. नळाचा आवाज येत होता. मला वाटू लागलं, दूधच म्हणाली असेल ती.