मलमबाईंची खोली

शाळेत शांतता नांदू लागली आणि मलमबाईंच्या पोटावर पाय आला. हे नाव पोरांनीच ठेवलेलं. जिन्याखालच्या प्रथमोपचाराच्या खोलीत सोललेले गुडघे आणि फुटलेली नाकं पुसण्यात बाईंची उमेदीची वर्षं गेली होती. आता मधल्या सुट्टीत कुणी पडतच नव्हतं. पडायला आधी धावावं लागतं. मुलं भिंतीला टेकून बसत, माना खाली, अंगठे चालू. शोकसभेला लाजवेल अशी शिस्त.

मुख्याध्यापक हरखले. त्यांनी फाटकावर ‘अपघातमुक्त शाळा’ असा फलक लावला आणि बाईंना बोलावून घेतलं.

“बाई, तुमच्या खोलीत मोबाईल चार्जिंगची सोय करू म्हणतो. मुलांची फार आबाळ होते हो.”

“आणि मी?”

“तुम्ही आता आराम करा.”

आरामाला बाईंची ना नव्हती. पण घरी अंथरुणाला खिळलेला नवरा तेवढंच काम करत होता.

दुसऱ्या दिवशी सुतार येऊन भिंतीची मापं घेऊ लागला. तेवढ्यात सातवीतली एक मुलगी रडत आत आली.

“कुठे लागलं गं?”

मुलीने मोबाईल पुढे केला. तिच्या मैत्रिणीने तिच्या फोटोला गाढवाचे कान लावून तो वर्गाच्या ग्रुपवर टाकला होता. सगळा वर्ग खदाखदा हसला होता. म्हणजे हसरे चेहरे पाठवले होते, ओठ कुणाचाच हलला नव्हता.

“कुठे आहे ही मैत्रीण?”

“माझ्या शेजारीच बसली होती.”

या खोलीचा एक जुना रिवाज होता. ज्याने पाडलं त्यानेच जखमीला आणायचं आणि पट्टी होईपर्यंत कापसाची बरणी धरून उभं राहायचं. बाईंनी मैत्रिणीला हाक मारून बरणी तिच्या हातात दिली.

“पण बाई, हिला काही लागलंच नाहीये!”

“बघ की नीट.”

मैत्रिणीने मान वर केली. लाल नाक, थरथरणारी हनुवटी. हे काही ग्रुपवर आलं नव्हतं.

“ए, तू खरंच रडतेयस?”

“नाही, सराव करतेय.”

बाईंनी मुलीच्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत पट्टी गुंडाळली. का, ते त्यांना धड सांगता आलं नसतं. त्यांच्या हातांना दुसरं काही येत नव्हतं.

सुताराचं काम बघायला आलेले मुख्याध्यापक तो हात पाहून पांढरेफटक पडले.

“अपघात? आपल्या शाळेत? कुणी केलं हे?”

बाईंनी पट्टीचं सुटं टोक घाईने आत खोचलं. खोटी पट्टी उघडी पडली तर आजच घरी बसावं लागणार होतं.

“मी,” बरणीवाली म्हणाली.

“ढकललंस?”

“मारलं, सर.”

“जोरात,” पट्टीवालीने साक्ष दिली.

“फार दुखतंय का?”

“मघाशी जास्त दुखत होतं.”

साहेबांनी घाम पुसला. पोरं पुन्हा हातघाईवर आली म्हणजे पालकही येणार. “ही खोली राहू द्या,” ते सुताराला म्हणाले. “चार्जिंगचं स्टाफरूममध्ये बसवा.” शिक्षकांची त्याला मुळीच हरकत नव्हती.

ते गेल्यावर बाई पट्टी सोडायला लागल्या, तशी मुलीने हात मागे घेतला.

“असू दे ना, बाई. आज हिलाच माझं दप्तर उचलू दे.”

“उचलते,” मैत्रीण म्हणाली. “पण काय गं, दगड भरतेस का त्यात?”

“तू आधी तो फोटो ग्रुपवरून काढून टाक.”