उलटा गेलेला चेंडू

आज क्लबवर गवत कापलं. त्या ओल्या वासाने मला इंग्लंडमधल्या या मेडनहेड गावातली पहिली दुपार आठवली. मी या देशात नवीन होते आणि ओळखीची म्हणाल तर शेजारची ऐंशीची मार्गारेट. तीच मला लॉन बोल्स खेळायला घेऊन गेली होती.

या खेळात लहान पांढऱ्या चेंडूजवळ आपला मोठा चेंडू नेऊन थांबवायचा असतो. मोठा चेंडू एका बाजूला वळतो, म्हणून तो नीट बघून धरावा लागतो. मी उलटा धरला. तो ऐटीत वळला आणि शेजारच्या पट्टीवर चाललेल्या सामन्यात घुसला. पांढऱ्या कपड्यांतले सगळे म्हातारे थांबून बघू लागले.

"मी निघते," मी म्हटलं. "परत नाही यायची."

"बस गं!" मार्गारेट म्हणाली. "माझ्या वडिलांनी इंग्लंडकडून खेळताना पहिल्याच सामन्यात हेच केलं होतं. माफी म्हणून शेजारच्यांना टोपी काढून दाखवली आणि पुढचा चेंडू टाकला."

"मग जिंकले?"

"छे! सपाटून हरले. पण नंतर कितीतरी वर्षं खेळले."

माझ्याकडे टोपी नव्हती, म्हणून मी शेजारच्यांना हात जोडले. एका आजोबांनी चेंडू काखेत धरून गंभीरपणे उलट नमस्कार केला. मी पुढचा चेंडू उचलला.

आता नवख्यांना मीच शिकवते. कुणाचा चेंडू भरकटला की मीही थांबून बघते. खेळणाऱ्याकडे नाही, चेंडू माझ्या पायावर येतोय का, तेवढंच.