दोरीवरचा रुमाल

माझे धाकटे दीर ट्रकच्या इंजिनातल्या डिझेल पंपाचे मिस्त्री. ट्रकवाले त्यांना ‘रुमालवाले’ म्हणतात. पंप बसवून झाला की ते गाडी सुरू करायला लावतात आणि सायलेन्सरच्या तोंडापुढे पांढरा रुमाल धरतात. रुमाल काळा झाला तर गाडी पुन्हा आत.

घरी एक रुमाल वेगळाच. त्यांच्या लेकीला दम्याचा त्रास. आमचं घर ट्रकतळाला लागून, खिडकी उघडली की धूर न विचारता आत. शेवटी डॉक्टरांच्या सांगण्यावरून जाऊबाई तिला घेऊन भावाकडे राहायला गेल्या. निघताना पोर म्हणाली, “बाबा, रोज धुतलेला रुमाल गच्चीत दोरीवर घाला. ज्या सकाळी तो पांढरा राहील, त्या दिवशी मी येणार.” तेव्हापासून सकाळी फोनवर पहिला प्रश्न तोच.

मध्यंतरी शहरातल्या काही आईबापांनी कोर्टात दावा लावला, जुन्या डिझेल गाड्या रस्त्यावरून काढा म्हणून. ट्रकमालकांचा संघ, सुट्या भागांचे व्यापारी, गॅरेजवाले, सगळे खडबडून जागे झाले. आमच्या पोटाचा निकाल आम्हाला न विचारता कसा लागेल? आम्हालाही दाव्यात सामील करून घ्या, असा अर्ज करायचं ठरलं. गॅरेजवाल्यांतर्फे पुढे केलं भावजींना.

“भावजी, निकाल लवकर लागला तर पोर शाळा उघडायच्या आत घरी येईल,” मी म्हटलं. “आणि तुम्हीच आडवे जाताय?”

“आडवा कुठे वहिनी? गाड्या बदलायला थोडी मुदत द्या, एवढंच सांगायचंय. दुकान बंद पडल्यावर पोरीला घरी आणून काय हवा खायला घालू?”

“तिला तेवढीच तर हवीय.”

हसले. पण पुढ्यातला चहा तसाच राहिला.

कोर्टात मीही गेले. भावजींचा सदरा इस्त्रीचा, नखांत मात्र तेल. संघाचे अध्यक्ष पाठीवर थाप मारून म्हणाले, “मिस्त्री, तोंड कशाला पाडलंय? पोरगी बघायला आल्यासारखं ताठ बसा!” मी मनातल्या मनात देवाला हात जोडले. काय मागावं तेच कळेना, म्हणून नुसतंच नाव घेत राहिले.

न्यायाधीशबाईंनी अर्ज मंजूर केला. बाहेर मिठाई वाटली गेली. आता या सगळ्यांचं म्हणणं यायचं, त्यावर आईबापांचं उत्तर. पुढची तारीख पडली ती शाळा उघडून पार थंडी पडल्यावरची.

“साहेब, आम्ही आत आलो म्हणून लांबलं का?” भावजींनी वकिलांना विचारलं.

“अहो, बोलणारे वाढले की वेळ लागणारच. आपल्याला चांगलंच की!”

मिठाईचा तुकडा भावजींच्या हातात तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीत कपडे वाळत घालत होते. शेजारी उभ्या भावजींचा फोन वाजला, त्यांनी स्पीकरवर घेतला.

“बाबा, रुमाल?”

दोरीवरचा रुमाल राखेच्या रंगाचा झालेला. मला वाटलं, आज तरी पोरीच्या मनासारखं सांगतील.

“नाही गं. काळाच आहे अजून.”

ती म्हणाली, “मामा विचारतोय, इथल्याच शाळेत नाव घालू का?”

भावजींनी रुमाल ओढून मुठीत धरला. “घाल म्हणावं,” म्हणाले. “आणि वर्गात खिडकीजवळ बस.”

फोन ठेवून ते साबण घेऊन नळाशी बसले. किती वेळ घासत होते.

“द्या इकडे, मी धुते.”

“नको वहिनी. तिने मला सांगितलंय.”

पिळला, झटकला आणि पुन्हा दोरीवर घातला.