तेरावी चौकट

"सन्मान कसला रे, एर्मेक? लंगड्या घोड्याला शर्यतीबाहेर उभं करून गवत घालतात, त्यातलाच प्रकार आहे हा."

"एजे, असं कसं बोलता! बारा फोटो निवडले, आणि तेरावी चौकट खास तुमच्यासाठी. दारातून आत आलं की समोरच. दालनात खिळासुद्धा ठोकून झाला, ही बघा चौकट."

"बारांत का नाही?"

"तुम्ही बारांच्या वर."

"वर म्हणजे कुठे? छतावर?"

मीरगुलला हसू आलं, ते तिने चहात बुडवलं. बाकी आम्ही माना खाली घालून बोरसोक, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, कुरतडत बसलो. सरोवराकाठच्या आमच्या बालिक्ची गावात, वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर रविवारी दुपारी आमची ही सात जणांची बैठक भरते. दोरीवर चिमट्यांनी फोटो लटकवायचे, चहा घ्यायचा आणि एकमेकांच्या फोटोंवर बोलायचं, एवढाच कार्यक्रम. कुणी औषधाच्या दुकानात असतं, कुणी बसच्या तिकिटखिडकीत. सरोवर मात्र सगळ्यांचं, आणि हिवाळ्यात तिथे उतरणारे पक्षीही सगळ्यांचे. नूरूझच्या, म्हणजे वसंतातल्या नव्या वर्षाच्या सणाला वाचनालयाच्या दर्शनी दालनात आमचं प्रदर्शन लागतं. निवड एर्मेक-अगाय करतात. अगाय म्हणजे गुरुजी. ते भूगोलाचे शिक्षक, आणि आमच्यातल्या निम्म्यांना त्यांनीच शिकवलंय.

उल्कान-एजे, म्हणजे उल्कानताई, आमच्यात सगळ्यांत मोठी, त्रेसष्ट वर्षांची. सत्तावीस वर्षं ती रेल्वेच्या फाटकावर होती. हातात लाल झेंडा, डोक्याला रुमाल, आणि आवाज असा की इंजिनाने भोंगा वाजवायचा विचार सोडून द्यावा. बालिक्चीत असा माणूस सापडणार नाही, ज्याला तिने एकदा तरी उभं केलेलं नाही. एर्मेक-अगाय लहानपणी सायकलवरून फाटकाखालून वाकून गेले, तर तिने पलीकडच्या बाजूला जाऊन त्यांचा कान धरला होता. ही गोष्ट ती अजून सांगते, आणि त्यांचा तो कान अजून लाल होतो.

ती निवृत्त झाली तेव्हा मॉस्कोत काम करणाऱ्या लेकीने स्वेटरमध्ये गुंडाळून एक जुना कॅमेरा पाठवला. एजेने आधी इंजिनाचे फोटो काढले, मग कुत्र्याचे. एका जानेवारीत बर्फाच्या कडेला तिला चांदवा दिसला. काळाभोर पक्षी, कपाळावर चुना लावल्यासारखा पांढरा टिळा. दुसरे लोक हंसांमागे धावतात. एजे म्हणाली, "हंसाला बघायला सगळं गाव आहे. ह्या काळ्याला कोण आहे?" त्या दिवसापासून चांदवाच.

तीन वर्षांपूर्वी ती आमच्या बैठकीत आली, केकच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेले फोटो घेऊन. पहिलं वाक्य होतं, "काय चुकतंय ते सांगा." आणि आम्ही सहा तोंडांनी एकच बोललो, "आझामत, एजे! आझामत!" आमच्याकडे शाबासकीला हाच शब्द आहे. दुसरं काय बोलणार? मोठ्या माणसाच्या हातच्या कामाला चारचौघांत नाव ठेवायचं नाही, हे आईच्या दुधाबरोबर पोटात गेलेलं. मग पुढच्या रविवारी आझामत, त्याच्या पुढच्या रविवारी आझामत. आमच्या फोनवरच्या गटात एजेचा फोटो आला की टाळ्यांचा पाऊस.

मी एकदा तिच्या घरी गेले होते. भिंतीवर चांदव्यांचे नऊ फोटो, आणि नऊच्या नऊ चौकटी उजवीकडे कललेल्या. एजे वैतागली होती. "जावयाच्या हाताला वळणच नाही बघ. तीनदा खिळे बदलायला लावले. चौकट सरळ केली की सरोवर तिरकं होतं. रुळांच्या शेजारी घर, गाडी गेली की भिंत हलते, त्याचं हे सगळं." मी भिंतीकडे बघितलं. भिंत सरळ होती, जावईही सरळ होता. मी तिच्या हातचे सहा बोरसोक खाल्ले, "काय सुंदर लावलेत" म्हटलं, आणि घरी आले.

तर त्या रविवारी एजेने चहाची किटली उचलली आणि अगायांचा पेला काठोकाठ भरला. आमच्यात पाहुण्याचा पेला अर्धाच भरतात, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येतं. काठोकाठ भरला तर त्याचा अर्थ, उठा आता. अगाय त्या पेल्याकडे बघत राहिले.

"एजे, मी काय केलं?"

"काहीच नाही केलंस. तेच तर." एजेने भिंतीला टेकवलेली रिकामी चौकट उचलली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. "माझा फोटो वाईट असेल तर वाईट म्हण. मी रडणार नाही. पण माझं वय भिंतीवर टांगू नकोस."

"वाईट कोण म्हणतंय?"

"मग चांगला आहे?"

"चांगलाच आहे."

"मग बारांत घाल!"

तेवढ्यात तिलेक बोलला. औषधाच्या दुकानात बसणारा हा मुलगा, माणूस खोकला तरी माफी मागणारा.

"एजे... पाणी सांडतंय."

एजेने किटलीकडे पाहिलं. "कुठे?"

"फोटोतलं. सरोवर डावीकडे सांडतंय. ह्यातच नाही, सगळ्याच फोटोंत."

"तिलेक!" अगायांचा वर्गातला आवाज निघाला. "मोठ्यांशी कसं बोलायचं, विसरलास?"

"त्याला बोलू दे," एजे म्हणाली. तिने टेबलावरची वाचनालयाची लाकडी पट्टी घेतली, दोरीवरचा स्वतःचा फोटो काढला आणि पाण्याच्या रेघेला पट्टी लावली. मग दुसरा फोटो. मग तिसरा.

"डावा गुडघा," ती स्वतःशीच म्हणाली. "तो वाकत नाही, म्हणून मी उजव्या अंगावर रेलते." मग वर बघितलं. "तीन वर्षं?"

तिने पट्टी टेबलावर ठेवली.

"सगळ्यांना दिसत होतं?"

मीरगुलने मान हलवली. मीही हलवली.

"म्हणजे बिचाऱ्या जावयाला मी उगाच शिव्या घातल्या." हसू येईल असं वाटलं, पण आलं नाही. "मी फाटकावर उभी असताना समोरून गाडी येतेय, तुम्ही रुळांवर, आणि मी म्हटलं असतं, 'वा, काय ऐटीत चाललाय, आझामत!' तर? मला मान देताय म्हणे. मला मरायला सोडलंत तुम्ही रुळांवर. चला, एकेक बोला आता. आझामत म्हणेल त्याचा पेला काठोकाठ भरीन."

मीरगुल चाचरत म्हणाली, "दुपारच्या उन्हात काढता, एजे. टिळा नुसता पांढरा डाग होतो. पिसं दिसतच नाहीत."

"लिहून घेते. पुढे."

माझी पाळी आली. "पक्षी नेहमी बरोब्बर मध्ये असतो. पासपोर्टचा फोटो काढायला बसवल्यासारखा."

"हं. अजून?"

"अजून... त्याचे पाय. हिरवट, पानांसारख्या बोटांचे. आमच्या कुणाच्याच फोटोत पाय दिसत नाहीत. आम्ही उभ्याने काढतो. तुम्ही बर्फावर पोटावर झोपता. त्यामुळे तो पक्षी आपल्याकडे चालत आल्यासारखा वाटतो."

एजेने पेन्सिल थांबवली. "हे आधी का नाही बोललीस?"

खरंच, का नाही बोलले? चूक लपवायची म्हणून आम्ही तिच्या फोटोंकडे नीट बघायचंच टाळत होतो. तोंड मोघम ठेवायचं ठरवलं, तशी नजरही मोघम झाली. हे मी तिला सांगितलं नाही. "माझं चुकलं," एवढंच म्हटलं.

"चुकलंच. पुढे. एर्मेक."

अगायांनी मांडीवरची चौकट टेबलावर पालथी ठेवली. "मला नका विचारू, एजे."

"का? कान धरीन म्हणून?"

"तुम्ही माझ्या आईच्या मैत्रीण. आई गेली तेव्हा चाळीस दिवस आमच्याकडे भाकऱ्या भाजल्यात तुम्ही. तुम्हाला मी..."

"भाकऱ्यांबद्दल कोण विचारतंय? बारांत का नाही, ते सांग. तिरका आहे म्हणून? तिरका तर तिलेकला पण दिसला. तुला दुसरं काहीतरी दिसलंय. मी ओळखते तुझा चेहरा."

बाहेर उलान सुटला होता. पश्चिमेचा हा वारा सुटला की खिडकीच्या काचा दात वाजवतात. अगाय उठले, तिचा फोटो हातात घेतला आणि पहिल्यांदाच तो डोळ्यांजवळ नेला.

"तुम्ही थांबत नाही, एजे," ते म्हणाले. आवाज वर्गातला नव्हता, घरातला होता. "पक्षी दिसला की बटण दाबता. गाडी दिसली की फाटक पाडायचं, तसं. तिथे ते बरोबर होतं, एक क्षण उशीर झाला तर माणूस मरेल. इथे कुणी मरत नाही. चांदवा आला, बरं, येऊ दे. तो तुम्हाला विसरेपर्यंत पडून राहा. तो मान वळवेल, बुडी मारेल, शेजाऱ्याशी भांडेल. तुमच्या एकाही फोटोत त्याने काही केलेलं नाही. सगळ्यांत तो नुसता तुमच्याकडे बघतोय. घाबरून."

सत्तावीस वर्षांत तिला असं कुणी उभं केलं नसेल.

मग तिने रुमाल घट्ट बांधला. आपले तिन्ही फोटो गोळा केले, पेन्सिलीने लिहिलेला कागद त्यांच्यात घातला. कोट चढवला. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात अडकवला.

"एजे," अगाय तिच्या मागे दोन पावलं गेले. "यादी शुक्रवारपर्यंत उघडी ठेवतो. सगळ्यांसाठी. बारांत जागा मिळेलच असं नाही, आधीच सांगतो. नवीन काही आणाल?"

तिने दार उघडलं. वारा आत घुसला, दोरीवरचे फोटो फडफडले, तिलेकने धावत जाऊन ते दोन्ही हातांनी धरले.

"एजे? आणाल ना?"

दार तिच्या मागे आपटलं. खिडकीतून दिसलं, ती घराच्या रस्त्याला वळली नाही. डावा पाय ओढत, वाऱ्यात खांदा घालून ती सरळ किनाऱ्याकडे चालली होती.