हार घातलेल्या मशीनने केलेला मानवजातीचा अंत

मानवजातीचा अंत चाकणला, माझ्या वर्कशॉपमध्ये, दसऱ्याच्या दिवशी दुपारी झाला. त्या वेळी पाच माणसं हजर होती आणि त्यातली दोन दुसरा चहा मिळाला नाही म्हणून रुसून बसली होती.

हा अंत घडवून आणत होता माझा मेहुणा प्रशांत. तो एका कंपनीत क्वालिटीला आहे, पण जीव सगळा सिनेमात. मशिनं एक दिवस शहाणी होतात आणि माणसांचा फडशा पाडतात, अशी त्याची कथा. बजेट किती, असं विचारलं तर म्हणाला, "दाजी, बजेट म्हणजे तुम्हीच!" म्हणजे मशिनं माझी, वीज माझी, डबे माझ्या बायकोचे आणि पृथ्वीवरचा शेवटचा माणूसही मीच. (ज्यांना ती भूमिका आधी देऊ केली होती, ते सगळे सणाला गावी पळाले होते.)

नुसती हौस असती तर मी त्याला केव्हाच हाकलून दिलं असतं. पण त्याच्याच कंपनीतल्या स्वातीशी त्याचं जमलं होतं आणि गाडी अडली होती तिच्या वडिलांपाशी. तात्या म्हणजे दिघीचे जुने शेतकरी. त्यांनी साफ सांगितलं होतं, "पोरगा शिनेमा काढतो म्हंजी नेमकं काय करतो, ते आदी बगू. मग पोरगी द्यायचं ठरवू." आणि माझी बायको मंगल मला बजावून मोकळी झाली होती, "माझ्या भावाचं लग्न तुमच्यामुळे मोडलं ना, तर बघा!"

आता घोळ बघा. ओव्हरटाइममुळे आमचं वर्कशॉप रविवारीसुद्धा चालू. रिकामं मिळणार फक्त दसऱ्याला. आणि आदल्या दिवशी, खंडेनवमीला, मशीनची पूजा झालेली! लेथला हळदकुंकू, ड्रिलला आंब्याचा डहाळा, पॉवर प्रेसवर स्वस्तिक आणि हातभर लांब झेंडूचा हार. प्रशांत तो हार काढायला गेला तसा मी ओरडलो.

"हात लावू नकोस! पूजा उद्या उतरवायची."

"दाजी, ही खुनी मशिनं आहेत!"

"असतील. पण पूजेतली आहेत."

"बरं, हार राहू द्या. निदान चालू तरी करा."

"पूजेतलं मशीन? आज? डोकं फिरलंय का तुझं?"

हा आमच्या वडिलांपासूनचा नियम. मानवजात संपली तरी मी मोडणार नव्हतो! त्यामुळे दिवसभर खुनी मशिनं जागच्या जागी नटूनथटून उभी आणि माणसांनीच धावत येऊन, त्यांना धडकून मरायचं, असं ठरलं. प्रशांतच्या एका मित्राचं डोकं लेथवर खरोखर आपटलं. सबंध सिनेमातला तेवढाच काय तो खरा अभिनय.

शेवटचा प्रसंग माझा. मी प्रेससमोर यायचं, तिच्या नजरेला नजर भिडवायची (मशीनला नजर नसते, हा मुद्दा मी मांडला होता, पण कोण ऐकतो!) आणि तडफडून प्राण सोडायचा. आठवडाभर आरशासमोर मरत होतो मी! प्रशांत "अ‍ॅक्शन!" म्हणाला. मी आलो. आणि वीस वर्षांची सवय, काय करणार! चपला बाजूला काढल्या, प्रेसला हात लावला, तो कपाळाला लावला आणि मगच मेलो. यात काही चुकलंय हे कोणाच्याच लक्षात आलं नाही, कारण सकाळी आल्या आल्या प्रत्येकाने तेच केलं होतं.

महिन्याभराने रहाटणीला, आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये सिनेमा लावला. पहिल्या रांगेत तात्या, शेजारी स्वाती. भेसूर संगीत वाजलं आणि पडद्यावर प्रेस अवतरली.

"अगंबाई, किती छान सजवलंय!" मागून एक काकू म्हणाल्या. "रांगोळी कोणी काढली हो?"

"मीच!" मंगल अभिमानाने म्हणाली.

तात्यांनी तर चक्क हात जोडले! तिथून पुढे जे मशीन दिसेल त्याला निम्मा हॉल नमस्कार करू लागला. मग मी आलो. चपला काढल्या, पाया पडलो आणि हॉल हसून हसून आडवा झाला.

"दाजी," प्रशांत माझ्या कानात रडवेल्या आवाजात म्हणाला, "वाटोळं केलंत माझं!"

स्वाती मान खाली घालून बसली होती. मला खरंच फार वाईट वाटलं. मंगलकडे बघायची तर हिंमतच झाली नाही.

दिवे लागले. तात्या उठले. "शिनेमा म्हनाल, तर भंगार हाय," ते म्हणाले. प्रशांत मटकन खाली बसला. "पन आमच्या आबांनी पयला ट्रॅक्टर आनला, तवा ते बी आसंच टायरला हात लावून पाया पडलं हुतं. ज्या घरात लोखंडाला बी मान हाय, तितं माजी पोरगी सुकात ऱ्हाईल. दिली पोरगी!"

टाळ्या! मंगलला रडू आवरेना, प्रशांत तात्यांच्या पायाशी. आणि मी? मी फुगलो. लग्न कोणामुळे जमलं? माझ्यामुळे! गर्दी ओसरल्यावर तात्यांना गाठलं आणि मुद्दाम विचारलं, "तात्या, माझं काम कसं वाटलं?"

तात्यांनी मला कोपऱ्यात नेलं, इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "पाव्हनं, समदं झ्याक. पन येक इचारू का? पाया पडून झाल्यावर तुमी तितंच आडवं का झाला? जेवान अंगावर आलं हुतं व्हय?"

लग्न नुकतंच ठरलं होतं. मी म्हणालो, "हो. श्रीखंड जरा जास्त झालं होतं."