घरटी एक गडी

धर्मा माझा थोरला चुलतभाऊ. अलिबागजवळच्या आमच्या खारगावातला पहिला पगारदार. मुंबईत एका तेलकंपनीच्या प्रयोगशाळेत तो काचेच्या नळीत वाळू ठासायचा, तिच्यातून तेल आणि खारं पाणी सोडायचा आणि खाली तेल किती पडलं, पाणी किती, ते लिहून ठेवायचा. आसामातल्या जुन्या विहिरींतून तेलापेक्षा पाणीच जास्त वर येतं म्हणे. ते पाणी वाळूतच अडवणारं औषध साहेब शोधत होता.

एकसष्टच्या भाद्रपदात उधाणाने आमचा बांध फोडला, खांड पडली. उभ्या भातात समुद्र शिरला. खांड पडली की घरटी एक गडी, चिखल-पेंढा घेऊन बांधावर, ही गावची रीत. ज्या घरचा गडी नाही, त्या घराला गावात तोंड नाही. मी धर्माला तार केली.

त्याने रजा मागितली. साहेब म्हणाला, नळीला औषध पाजून दोनच दिवस झालेत, आठवडाभर थेंब मोजायचेत, तू गेलास तर सगळं पाण्यात जाईल. आणि हा शहाणा थांबला. साहेब परका, त्याचं काय घेऊन बसायचं? मला राग येतो तो धर्माचा, अजून येतो.

त्याच्या जागी गोदूवहिनी आली. रांगेत बाई कधी उभी राहिली नव्हती, म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली. तिने पदर खोचला, कमरेएवढ्या पाण्यात उतरली आणि चार दिवस माझ्या हातात चिखलाचे गोळे देत राहिली. खांड बुजली, पण भात गेलं ते गेलंच.

दिवाळीत धर्मा आला. औषधाचं काय झालं, मी विचारलं. म्हणाला, औषधाने पाणी अडलं, पण तेलही अडलं. साहेबाने नळी मोरीत ओतली. हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मोरीत ओतायच्या वाळूपायी याने बायकोला उधाणात उभं केलं होतं.

तीन वर्षं त्या खारवलेल्या शेतात दाणा नाही. चौथ्या वर्षी जमीन जरा सुधारते आहे तोच पुन्हा खांड पडली. या खेपेला धर्मा रजेची वाट न बघता धावत आला, धोतर खोचून रांगेत शिरू लागला. गावचा पंच कोंडाजी शांतपणे म्हणाला, "तुज्या घरचा गडी उभा हाय. तू वर बस."

धर्माने माझ्याकडे पाहिलं. मी एक शब्द बोललो असतो तर कोंडाजीने ऐकलं असतं. मी वहिनीच्या हातातला गोळा घेतला आणि पुढे दिला.